चिनीबाईच्या मेणावरचे शब्द

आत्याच्या घरात रडायची फार सोय होती. खाली तिचं मिरची कांडायचं कांडप. सकाळी आठाला पट्टा चढला की लोखंडी मुसळं धाडधाड पडायला लागायची, ती दिवेलागणीपर्यंत. लाल धूळ उडायची, ती खिडकीच्या गजांवर, देवाच्या फोटोवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाकरीच्या टोपल्यावरसुद्धा बसायची. चटणी कांडायला आलेली बाई डोळे पुसतच आत यायची आणि डोळे पुसतच बाहेर जायची. त्यात कोपऱ्यात बसून लसूण सोलणाऱ्या पोरीचे डोळे लाल आहेत की काय, हे बघायला कुणाला सवड होती? मी पोटभर रडून घ्यायचे. आत्या जाताजाता म्हणायची, "सुमे, तोंड धू जा. ब्याडगी लई तिखट लागली यंदा."

आई गेली तेव्हा वडील गगनबावड्याच्या पुढं घाटरस्त्याच्या कामावर मुकादम होते. आज इथं तर उद्या तिथं पाल ठोकायचं, त्यात वयात येऊ लागलेल्या मुलीला कुठं ठेवणार? त्यांनी मला कोल्हापुरात आणून आपल्या बहिणीच्या हवाली केलं. "पावसाळा सरला की न्यायला येतो," म्हणाले. आमच्याकडचा पाऊस लवकर सरत नाही हे मला जन्मापासून माहीत होतं, पण तो इतका लांबेल असं वाटलं नव्हतं.

आत्या वाईट नव्हती हो. खायला-प्यायला कधी कमी केलं नाही. सकाळी भाकरी आणि झुणका, रविवारी तांबडा रस्सा, आणि ताटात माझ्यासाठी नळी राखून ठेवायची. पण त्या घरात बोलणं म्हणजे ओरडणं. कांडपाच्या आवाजावर आवाज चढवायचा. माझ्या बोलण्यात घाटाखालचे हेल यायचे, ते ऐकायला बायका मला मुद्दाम बोलतं करायच्या आणि एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसायच्या. त्यांच्या मनात काही नसायचं, पण मी हळूहळू तोंड मिटलं. मिटलेलं तोंड उघडायला किती जड जातं हे ज्याचं मिटलंय त्यालाच कळतं. शेजारी निपाणीकडच्या एक आक्का राहायच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पाप, पाप." मी घरात पळाले. आई मेली त्यात माझं काय पाप, हे मला समजेना. कितीतरी महिन्यांनी कळलं की कानडीत 'पाप' म्हणजे 'बिचारी'. शब्द एकच, पण नदी ओलांडली की त्याचा स्वभाव बदलतो. ही गोष्ट मी आधी आक्कांकडून शिकले. पुढं जे शिकले ते माडीवर.

माडीवर चिनीबाई राहायची. तिचा नवरा दातांचा डॉक्टर होता. तेव्हा गावोगाव चिनी दातवाले असायचे, तसा एक कोल्हापूरच्या वाट्यालाही आला होता. तो दात काढायचा आणि ही कवळ्या करायची. नवरा गेला, कवळ्या राहिल्या. मूलबाळ नव्हतं. गावातले डॉक्टर दात काढायचे आणि कवळीच्या मापाला माणूस आत्याच्या माडीवर पाठवायचे. जिन्याखाली तिची पाटी होती, वर मराठी आणि खाली चिनी अक्षरं. चीनशी लढाई झाली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी दगड मारून ती वाकवली होती. पुढं त्याच पोरांचे बाप पाटीखालूनच वर जाऊन दात बसवून घ्यायचे. बाईनं पाटी सरळ केली नाही. का, असं कुणी विचारलंही नाही.

मराठी ती कोल्हापुरीच बोलायची, आमच्यापेक्षा ठसक्यात. फक्त बाई आणि पुरुष हा भेद तिच्या जिभेला कधी जमला नाही. मी दुपारचं जेवण घेऊन वर गेले की म्हणायची, "आला काय सुमी? बस की रं. जेवला का न्हाय?" तिच्या खोलीत एक उंच खुर्ची, पाय मारून फिरवायचं यंत्र, प्लॅस्टरच्या पांढऱ्या जबड्यांची रांग, आणि गुलाबी मेणाचे पातळ तुकडे. स्पिरिटचा दिवा सतत जळायचा. मेणाला दिव्याची ऊब दाखवायची, हिरडीसारखं वाकवायचं, त्यात एकेक दात रोवायचा. आवाज नाही, तिखट नाही. मी ताट ठेवून खाली जायच्या ऐवजी तिथंच बसायला लागले. तीही काही बोलायची नाही आणि मीही नाही. आत्यानं हाक मारली की बाई वरूनच ओरडायची, "काम करतो हाय तो माझ्याकडं!" काम काही नसायचं.

उन्हाळा लागला होता. एका दुपारी जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि एक खाकी कपड्यांतला ड्रायव्हर वर आला. बापू त्याचं नाव, आमच्याच तालमीच्या गल्लीतला. इचलकरंजीच्या वाटेवर नवी गिरणी उभी राहत होती, तिथल्या साहेबांची गाडी तो चालवायचा.

"चिनीबाई, तुमचं पावणं आणलंय बघा!"

"माझा पावणा? माझा कोन हाय हितं?"

"खाली गाडीत बसल्यात बाई. जपानच्या हायत्या. मशीन बसवायला साहेब आल्यात न्हवं, त्येंच्या मंडळी. जोतिबाच्या पायऱ्यांवर पाय घसरला आन् म्होरला दात गेला की. डॉक्टर बोललेलं कळंना, बाईंना सांगता येईना. म्हटलं, आपल्या चिनीबाई हायत्या की."

"बापू, चीन आनि जपान एक हाय व्हय?"

"आता मला काय ठावं? दोघींचं डोळं सारखंच दिसत्यात." आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं जीभ चावली. "चुकलं व्हय काय माझं? परत न्हिऊ का?"

बाई मोरीत गेली आणि साबण लावून हात धूत बसली, बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाली, "आन वर."

जपानीण बाई वर आल्या त्या तोंडावर हात धरूनच. माझ्या आईच्या वयाच्या असतील. फिकट निळा झगा, केस मानेशी बांधलेले, आणि गुडघ्याला जोतिबाचा गुलाल अजून लागलेला. कमरेत वाकल्या, पण तोंडावरचा हात काढला नाही. चिनीबाईनं खुर्ची दाखवली. मग दोघींची गंमत सुरू झाली. ही मराठीत विचारी, ती जपानीत सांगे, ही हिंदीत विचारी, ती इंग्रजीतले दोन शब्द सांगे. शेवटी त्या बाईंनी आजूबाजूला बघितलं, टेबलावरचा मेणाचा तुकडा उचलला, आणि बाजूला पडलेल्या सुईनं त्यावर एक अक्षर कोरलं. चिनीबाई वाकली. बघत राहिली. "दुखतो म्हनं," ती मला म्हणाली. मग स्वतः सुई घेऊन त्याखाली दुसरं अक्षर कोरलं. त्या बाईंनी मान डोलावली.

पुढं बाईनं मला समजावून सांगितलं ते असं. जपानच्या लोकांनी फार जुन्या काळी चीनची अक्षरं उचलून नेली. बोली वेगळी, पण अक्षर तेच. आम्ही 'पाणी' म्हटलेलं चिन्याला कळणार नाही, पण पाण्याचं चित्र दाखवलं तर कळेल, तसं. पूर्वी दोन्ही देशांतली शिकलेली माणसं समोरासमोर बसून एक शब्द न बोलता नुसती लिहून गप्पा मारायची म्हणे. त्या बाईंचं नाव हारूको. त्यांनी ते लिहून दाखवलं, तर चिनीबाईनं ते वाचलं छुन-झ. एकीनं लिहावं एक आणि दुसरीनं हाक मारावी भलतीच, पण अर्थ दोघींना एकच, वसंत ऋतूतलं लेकरू.

एका दाताच्या प्लेटीला किती दिवस लागतात? माप घ्यायचं, साचा करायचा, मेण लावून बघायचं, मग पक्का साचा उकळायचा. ज्याला यायचं तो फार तर तीन-चारदा येतो. हारूकोबाई उन्हाळाभर येत राहिल्या. कधी मेण वाकडं झालं, कधी दाताचा रंग जुळला नाही, कधी साचा फुटला. तेव्हा मला वाटायचं, बाईचा हात बिघडलाय. आता हसू येतं. दोघींनाही त्या दाताची घाई नव्हती. आणि मला तर मुळीच नव्हती. मी खाली सकाळचा लसूण पटापट सोलून टाकायचे, म्हणजे दुपारी माडीवर जाता यावं.

त्या लिहिण्यात खरी मजा जोडशब्दांची. सुटं अक्षर बहुतेक जमायचं, पण दोन अक्षरं एकत्र आली की काहीतरी घोटाळा व्हायचा. एकदा बाईनं तोंडात माप घालून विचारलं, दुखतंय का. हारूकोबाईंनी माप तोंडात असतानाच लिहिलं. बाईनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मी इचारतो दुखतो काय, तर हा लिवतो मोठा नवरा! आगं, माझा तर ल्हानगाबी ऱ्हायला न्हाय!" जपानीत त्याचा अर्थ 'काही नाही, मी ठीक आहे.' चिनीत त्यातला 'मोठा' काढला की नवराच उरतो. ते समजावून सांगताना हारूकोबाईंनी हात हलवले, मान हलवली, शेवटी खुर्चीतून उठून चालून दाखवलं की बघा, मी धड आहे. बाई इतकी हसली की सुई तिच्या हातातून पडली. मी तोवर तिला कधी हसताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हारूकोबाईंनी लिहिलं 'हात' आणि 'कागद'. बाईनं भुवया उंचावल्या, आणि मला हळूच म्हणाली, "ह्याला परसाकडला जायाचा हाय वाटतं. मागचा संडास दाखव." मी घेऊन गेले. हारूकोबाई संडासाच्या दारात उभ्या, मी बाहेर उभी. शेवटी त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं आणि कोपऱ्यातल्या तिकिटावर बोट ठेवलं. घरी टपाल पाठवायचं होतं त्यांना, पोस्ट कुठं ते विचारत होत्या. जपानात 'हातकागद' म्हणजे पत्र. चीनमध्ये तो संडासात वापरतात. आणखी एकदा गरम पाणी मागितलं चूळ भरायला, तर बाईनं वाटीभर सूप आणलं, तेही आत्याच्या कांदा-लसूण चटणीची फोडणी दिलेलं, कारण इतकी वर्षं इथं काढून तिला त्याशिवाय सूप गोड लागायचं नाही. हारूकोबाईंनी भरवशानं तोंडभर घोट घेतला. मग त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते बघून खालच्या कांडपाची आठवण व्हावी. पण थुंकल्या नाहीत. गिळलं, आणि वाटी संपवली. तेव्हापासून त्या मागूनच प्यायच्या.

माझ्यावरही एक शब्द आला. माझ्याकडं बोट करून हारूकोबाईंनी एकच अक्षर लिहिलं, बाईचं चिन्ह असलेलं, आणि भुवया उंचावून विचारलं. चिनीबाई बघते तर तिच्या भाषेत त्याचा अर्थ 'आई'. "हा पोर माझा आई हाय का म्हनतो!" जपानीत ते अक्षर म्हणजे 'मुलगी'. विचारत होत्या, ही तुमची मुलगी का? मला वाटलं, आता बाई नाही म्हणेल. तिनं मेण दिव्यावर धरलं, अक्षर विरघळलं, आणि त्या दिवसापासून ती मला मजेनं 'आई' म्हणायला लागली. "आई, प्लॅस्टर भिजव. आई, झाडून घे." खाली बायकांना हसायला आणखी एक निमित्त मिळालं. पण मला राग येईना. कुणी विचारलं, सुमे, तू दिवसभर तिथं करतीस काय, तर मला सांगता यायचं नाही. तिथं तीन बायका होत्या आणि तिघींनाही बोलता येत नव्हतं, एवढंच मला माहीत होतं. जिथं कुणालाच धड बोलता येत नाही तिथं कुणी कुणाच्या हेलाला हसत नाही.

परवा नातीनं मोबाईल त्या असल्याच एका अक्षरावर धरून दाखवला. फोननं लगेच अर्थ सांगितला, जपानी वेगळा, चिनी वेगळा. "बघ आजी, दोन सेकंदांत!" म्हणाली. मी म्हटलं, छान. आणि खरंच छान आहे. पण बाई, आम्ही असल्या एकेका शब्दावर अख्खी दुपार घालवली होती, आणि त्यातली एकही दुपार वाया गेली नव्हती. नात पुण्याला परत गेली. घरात मी आणि फोन.

तर त्या उन्हाळ्यातली ती दुपार. आंबे आले होते. आत्यानं मोठ्या मनानं चार रायवळ वर पाठवले, "त्या जपानिनीला म्हणावं चोखून खा, दाताची गरज न्हाय." आम्ही तिघी माडीवर चटईवर बसून आंबे खात होतो. हारूकोबाई कोपरापर्यंत माखलेल्या, तोंडावर हात धरायचं विसरलेल्या. पुढची फट दिसत होती आणि त्यामुळं त्या शाळेतल्या मुलीसारख्या दिसत होत्या. त्या दिवशी त्यांना लहानपण आठवलं असावं. हात पुसून त्यांनी मेण घेतलं आणि लिहायला लागल्या. 'वडील', हे अक्षर मलाही येत होतं. मग 'सैनिक'. मग दोन अक्षरांचं एक नाव. त्यांनी हातानं दाखवलं, मी एवढी होते, एवढीशी, आणि वडिलांनी तिथून मला रेशीम पाठवलं. गालावर हात घासून दाखवला, इतकं मऊ. आणि हसल्या.

चिनीबाईनं आंब्याची कोय ताटात ठेवली. मेण हातात घेतलं. इतक्या दिवसांत प्रत्येक शब्दाला काहीतरी फाटा फुटायचा, काहीतरी समजवावं लागायचं. त्या दिवशी काहीच समजवावं लागलं नाही. वडील म्हणजे वडील, सैनिक म्हणजे सैनिक. आणि ते नाव होतं हान्कौ, चिनीबाईच्या गावाचं. उन्हाळाभर जे शब्द दोघींना वेगळे लागले त्यांनी दोघींना हसवलं, आणि पहिल्यांदाच सगळे शब्द दोघींना सारखे लागले तेव्हा बाई उठली. "आज बास," म्हणाली. मराठीत. आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

हारूकोबाई चटईवर तशाच बसल्या, हात आंब्यानं चिकट. माझ्याकडं बघितलं. मलाच काही कळलं नव्हतं. मी त्यांना मोरीत नेऊन हातावर पाणी घातलं.

पुढं त्या तीनदा आल्या. बाई मला म्हणायची, "घरात न्हाय म्हनून सांग." मी जिन्यात जाऊन मान हलवायचे. त्या वाकायच्या आणि गाडीत जाऊन बसायच्या. तोंडावर पुन्हा हात आला होता. तिसऱ्यांदा बापू वैतागला. "आगं पोरी, म्होरल्या आठवड्यात त्या चालल्यात. मशीन सुरू झालं, साहेबांचं काम संपलं. तेवढा दात तरी दे म्हणावं. बाई घरात जेवत न्हाईत म्हणत्यात. लेकीला सासूजवळ ठिवून आल्यात, अशा तोंडानं कसं जायाचं तिच्याम्होरं?"

दात तयारच होता. वाटीभर पाण्यात टेबलावर पडून होता, फक्त घासून गुळगुळीत करायचा आणि बसवून बघायचा राहिला होता. मी माडी झाडायच्या निमित्तानं जायचे आणि त्या वाटीकडं बघायचे. एवढा एक दात निघून गेला की सगळं संपणार होतं, आणि नाही गेला तर आणखी वाईट होणार होतं. शेवटी मी विचारलं. इतक्या महिन्यांत आपणहून विचारलेली ती माझी पहिली गोष्ट. "मावशी, त्यांचा दात?"

बाई यंत्रापाशी बसली होती. तिनं मागं न बघता सांगितलं. तिचं लग्न करून तिला हिंदुस्तानात आणलं तेव्हा घरी आई होती आणि धाकटा भाऊ होता. मग त्या गावात जपानी फौज आली. मग काहीच आलं नाही, ना टपाल, ना निरोप, ना गावाकडचं माणूस. "मेला म्हनून कुनी सांगितला न्हाय. जगला म्हनूनबी न्हाय. मी रडायचा कवा, ते मला कुनी सांगितला न्हाय." यंत्र तिनं पायानं उगाच फिरवलं. "आनि ह्याचा बाप तिथं होता. पोरीला रेशीम पाठवला. सुमी, त्यानं रेशीम कुनाच्या घरातनं घेतला आसंल?"

मी खाली आले आणि आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं कांडपाचा पट्टा उतरवला. दिवसाउजेडी पट्टा उतरलेला मी पहिल्यांदाच बघितला. एकदम इतकी शांतता झाली की रांगेतल्या बाया घाबरल्या. आत्या जिना चढली, आणि तिच्यामागं मी.

"चिनीबाई, मी अडाणी बाई हाय, मला तुमच्यातलं कळत न्हाय. त्यो बाप माझ्यापुढं आला आसता तर त्येला ह्याच कांडपात घातला आसता. पर ही बया त्यावेळी केवढी व्हती? त्या रेशमाएवढी बी नसंल. तू तिला शिव्या दे, मी बी चार देते, मला चांगल्या येत्यात. पर एखाद्याचा दात आडवून बसनं बरं न्हवं. दुसऱ्याचा आडवलेला घास बाधतो गं."

"तू जा," बाई म्हणाली.

"चालले. कांडप थांबलंय माझं." आणि आत्या गेली. मुसळं पुन्हा पडायला लागली.

मग चिनीबाईनं वाटीतून दात काढला, पुसला, आणि यंत्राच्या फिरत्या ब्रशवर धरला. घासत राहिली. उजेडात धरून बघायची आणि पुन्हा घासायची. इतकं निगुतीचं काम मी त्या उन्हाळ्यात तिच्या हातून बघितलं नव्हतं. काम झाल्यावर म्हणाली, "बापूला निरोप दे. सकाळी आन म्हनावं."

हारूकोबाई आल्या. त्या गावात काय झालं होतं ते त्यांना कळलं होतं, नवऱ्याला विचारलं असावं. डोळे सुजलेले. दारातच जमिनीवर बसून त्या कपाळ टेकवायला लागल्या, तर चिनीबाईनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. मेणाचे तुकडे तिनं टेबलावरून आधीच काढून ठेवले होते. हारूकोबाईंनीही ते शोधले नाहीत. "आ कर," बाई म्हणाली. मराठीतलं एकही अक्षर हारूकोबाईंना येत नव्हतं, तरी त्यांनी तोंड उघडलं. बाईनं प्लेट बसवली, काढली, कानशीनं जरा घासली, पुन्हा बसवली. "चाव." त्यांनी चावलं. "दुखतो?" त्यांनी मान हलवली. चिनीबाईची बोटं त्यांच्या तोंडात होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळत होतं, ते बाईनं हातातल्या फडक्यानं टिपलं, जसं ती कुठल्याही पेशंटचं टिपायची, तितकंच.

मग आरसा दिला. हारूकोबाईंनी बघितलं. हसल्या नाहीत. सवयीनं हात तोंडावर गेला. चिनीबाईनं तो हात मनगटाला धरला आणि खाली आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यावर आपला हात ठेवला. मग वळली आणि सुया पुसायला लागली. हारूकोबाई उठल्या, वाकल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज कांडपाच्या आवाजात ऐकू आला नाही.

मी विचारलं, "मावशी, राग गेला का तुमचा?"

"न्हाय," ती म्हणाली. "राग कुठं जातो? दात बसला."

नंतरच्या दुपारी मी जेवण घेऊन गेले तेव्हा खुर्चीवर चादर टाकलेली होती. आता इथं काही उरलं नाही, असं वाटून मी ताट ठेवून परत फिरले. तेवढ्यात बाई म्हणाली, "बस की रं." मी बसले. तिनं ताट बाजूला सारलं. मग तिनं मला तिच्या आईबद्दल सांगितलं. पंचगंगेसारख्या दहा नद्या एकत्र केल्या तरी भरणार नाही एवढी तिथली नदी, तिच्या काठावर आई पहाटे वाफेवर पोळ्या करायची, आणि धुक्यात बोटींचे भोंगे वाजायचे. इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिला मराठी पुरेना, मधूनच ती आपल्या भाषेत जायची, मला कळायचं नाही आणि मी मान डोलवायचे. आईचं नाव तिनं दोनदा घेतलं. तसा उच्चार मला आजही जमत नाही.

मग तिनं विचारलं, "तुझा आईचा नाव काय होता?"

त्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. आत्या 'वहिनी' म्हणायची, बाया 'बिचारीची आई' म्हणायच्या. मी "इंदू" म्हटलं. खाली मुसळं पडत होती. बाईला ऐकू गेलं नाही. तिनं कानामागं हात धरला आणि पुढं वाकली.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.